सोव्हिएट प्रासाद : एका न उभारलेल्या वास्तूच्या आराखड्यांचा इतिहास

(१)

मॉस्को नगरीत क्रेमलिनच्या नैर्ऋत्येस, मॉस्क्वा नदीच्या काठावर, एक विशाल सभाप्रासाद बांधण्याची योजना सोव्हिएट सरकारने १९३१ साली हाती घेतली. तीन वर्षांच्या आत ह्या योजनेचे रूपांतर जगातील सर्वांत उंच इमारतीच्या योजनेत झाले. १९३९ पर्यंत तिचा पाया पूर्ण झाला, १९४१ साली काम थांबले आणि १९६० साली त्याच पायावर एक वर्तुळाकार जलतरणतलाव उघडण्यात आला. ह्या प्रकरणाचा उल्लेख वास्तुकलेच्या इतिहासात बहुधा एका हुकूमशहाच्या हव्यासाचे उदाहरण म्हणून केला जातो. आणि युद्ध आड आले नसते तर ती वास्तू उभी राहिलीच असती, असेही बहुधा गृहीत धरले जाते. ही दोन्ही मते अगदी निराधार आहेत असे नाही. तथापि आराखड्यात वेळोवेळी झालेले बदल क्रमाने तपासून पाहिले असता एक निराळीच गोष्ट निदर्शनास येते. ज्या सभेसाठी हा प्रासाद योजिला गेला, ती सभा इमारतीची उंची वाढत असतानाच राज्यव्यवस्थेतून नाहीशी होत होती.

न बांधल्या गेलेल्या वास्तूचा इतिहास लिहिताना दगडविटांचा पुरावा हाती नसतो. आराखडे, प्रतिकृती, समित्यांचे ठराव आणि पत्रव्यवहार हीच त्याची साधने होत. ह्या साधनांचा एक विशेष लाभ असा, की पूर्ण झालेली इमारत आपल्या जन्मकथेतील पर्याय झाकून टाकते. अपूर्ण वास्तूच्या बाबतीत ते सर्व पर्याय उघडे राहतात. कोणता बदल केव्हा झाला आणि त्या बदलाची गरज कोणाला वाटली, हे दोन प्रश्न येथे प्रत्येक टप्प्यास विचारता येतात.

(२)

योजनेचे मूळ सामान्यतः ३० डिसेंबर १९२२ ह्या दिवसाशी जोडले जाते. त्या दिवशी मॉस्कोतील बोल्शॉय नाट्यगृहात भरलेल्या परिषदेत सोव्हिएट संघराज्याची स्थापना झाली. परिषदेत बोलताना सर्गेई किरोव्ह ह्यांनी श्रमिकांच्या प्रतिनिधींसाठी नवा प्रासाद उभारण्याची सूचना मांडली. संघराज्यात नवनवी प्रजासत्ताके सामील होत जातील व आजचे हे सभागृह अपुरे पडेल, हे तिच्यामागील कारण होते. 'सोव्हिएट' ह्या रशियन शब्दाचा मूळ अर्थच 'परिषद' किंवा 'सभा' असा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या मागणीचे स्वरूप स्पष्ट होते. प्रतिनिधींना बसावयास जागा हवी, एवढीच ती मागणी होती; तिच्यात उंचीचा प्रश्न कोठेही नव्हता.

उंचीचे स्वप्न त्या काळी अन्यत्र पाहिले जात होते. व्लादिमीर तात्लिन ह्या कलावंताने तिसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्मारकाची लाकडी प्रतिकृती १९२० च्या नोव्हेंबरात पेट्रोग्राडमध्ये मांडली. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यापेक्षाही उंच असा सर्पिल पोलादी मनोरा आणि त्यात फिरती सभागृहे अशी ती कल्पना होती. गृहयुद्धाने जर्जर झालेल्या देशात ती प्रत्यक्षात येणे शक्यच नव्हते. १९२२-२३ मध्ये मॉस्कोत श्रमप्रासादासाठी स्पर्धा झाली, पण तो प्रासादही कागदावरच राहिला. ह्या दोन प्रयत्नांत पुढील योजनेची दोन अंगे वेगवेगळी दिसतात : एकात उत्तुंग स्मारक, तर दुसऱ्यात उपयुक्त सभागृह. १९३१ नंतरच्या आराखड्यांचा इतिहास म्हणजे ह्या दोन अंगांमधील ओढाताणीचा इतिहास होय.

(३)

प्रासादाच्या जागेची निवड १९३१ साली झाली. नेपोलियनवरील १८१२ च्या विजयाच्या स्मरणार्थ वास्तुविशारद कोन्स्तान्तिन टोन ह्यांनी योजिलेले, १८३९ पासून बांधले गेलेले आणि १८८३ साली प्रतिष्ठापना झालेले ख्रिस्ततारक महामंदिर तेथे उभे होते. सुमारे १०३ मीटर उंचीचे हे मंदिर ५ डिसेंबर १९३१ रोजी सुरुंगाने उडविण्यात आले. त्या वेळी नव्या प्रासादाचा कोणताही आराखडा मंजूर झालेला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुनी वास्तू पाडण्याचा निर्णय पक्का झाला असताना नवी वास्तू कशी असावी ह्याविषयी मात्र अनिश्चितता होती.

खुली स्पर्धा १९३१ च्या जुलैमध्ये जाहीर झाली. सुमारे १५,००० आसनांचे एक मोठे व सुमारे ६,००० आसनांचे एक लहान अशी दोन सभागृहे तीत अपेक्षित होती; जनसमूहांच्या मिरवणुकांचीही सोय हवी होती. व्यावसायिक वास्तुविशारदांचे १६० आराखडे आले आणि त्यांत २४ परदेशीयांचे होते. ह्यांखेरीज सामान्य नागरिकांनीही शंभरांहून अधिक प्रस्ताव धाडले. ल कॉर्ब्युझिए, वॉल्टर ग्रोपियस, एरिख मेंडेलसोन, हान्स पोएल्झिग व ऑग्युस्त पेरे ही त्या काळच्या युरोपीय वास्तुकलेतील अग्रगण्य नावे स्पर्धेत होती. ल कॉर्ब्युझिए ह्यांच्या आराखड्यात मोठ्या सभागृहाचे छत एका प्रचंड कमानीवरून टांगलेले होते. छत का टांगावे, ध्वनी शेवटच्या आसनापर्यंत कसा पोहोचावा, हजारो माणसे आत कशी यावीत व बाहेर कशी पडावीत, अशा प्रश्नांची उत्तरे त्या रेखाटनांत होती. वास्तूचे रूप सभेच्या गरजांतून सिद्ध व्हावे, ही त्यामागील भूमिका होय.

२८ फेब्रुवारी १९३२ रोजी निकाल लागला. पहिले पारितोषिक बोरिस योफान, इवान झोल्तोव्हस्की व अमेरिकेत राहणारे तरुण वास्तुविशारद हेक्टर हॅमिल्टन ह्या तिघांना विभागून देण्यात आले. निकालाबरोबर एक मार्गदर्शक सूत्रही देण्यात आले : नवीन तंत्राबरोबरच अभिजात वास्तुकलेतील उत्कृष्ट अंशांचाही उपयोग करावा. आधुनिक वास्तुकलेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या निकालाविरुद्ध थेट स्टालिन ह्यांच्याकडे निषेध नोंदविला. तिची चौथी परिषद मॉस्कोत भरावयाची होती, ती तेथे भरली नाही. १९३३ साली मार्सेय ते अथेन्स अशा जलप्रवासात तिचे अधिवेशन पार पडले. सोव्हिएट भूमीविषयी आधुनिक वास्तुविशारदांना वाटणाऱ्या आशेला येथे ओहोटी लागली. देशांतर्गत परिस्थितीही त्याच सुमारास पालटली. २३ एप्रिल १९३२ च्या पक्षादेशाने साहित्य व कला क्षेत्रांतील स्वतंत्र संघ विसर्जित झाले आणि वास्तुविशारदांचाही एकच अधिकृत संघ अस्तित्वात आला.

(४)

ह्यानंतरचे पंधरा महिने प्रस्तुत इतिहासात सर्वांत महत्त्वाचे ठरतात. १९३२ च्या ऑगस्टमध्ये स्टालिन ह्यांनी कागानोविच, मोलोतोव्ह व व्होरोशिलोव्ह ह्यांना लिहिलेले एक पत्र पुढे प्रसिद्ध झाले आहे. त्यात योफान ह्यांचा आराखडा सर्वांत सरस ठरविला असून काही सुधारणा सुचविल्या आहेत. दोन्ही सभागृहे एकत्र आणावीत. वरचा भाग उंच स्तंभासारखा करावा. त्यावर आतून विजेने उजळणारा विळाहातोडा असावा. आणि प्रासादावर असा स्तंभ शक्य नसेल, तर तो शेजारी, आयफेल मनोऱ्याएवढा किंवा थोडा अधिक उंच उभारावा. मार्क्स, एंगेल्स व लेनिन ह्यांचे पुतळे प्रासादापुढे असावेत, असेही त्यात म्हटले आहे.

ह्या पत्राचे दोन विशेष आहेत. आयफेल मनोऱ्याशी तुलना करण्याची बुद्धी येथे प्रथमच उघड झालेली दिसते. तथापि इमारतीच्या माथ्यावर लेनिनचा पुतळा ही कल्पना अद्याप स्टालिन ह्यांच्या लेखी नाही. तिचे एक पूर्वरूप स्पर्धेतील इटालियन वास्तुविशारद आर्मान्दो ब्राझिनी ह्यांच्या आराखड्यात आढळते, आणि योफान ह्यांचे वास्तुशिक्षण इटलीत झाले होते. योफान ह्यांच्या स्वतःच्या १९३३ च्या आराखड्यात शिखरावर मुक्त श्रमिकाची सुमारे १८ मीटरांची मूर्ती होती. म्हणजे अंतिम कल्पना एकाच व्यक्तीच्या मनातून पूर्ण स्वरूपात अवतरली नाही. स्पर्धक, परीक्षक, मंत्री व वास्तुविशारद ह्यांच्या देवाणघेवाणीतून ती हळूहळू आकारास आली. हुकूमशहाच्या हव्यासाचे सोपे स्पष्टीकरण ह्या ठिकाणी अपुरे पडते.

१० मे १९३३ रोजी बांधकाम मंडळाने योफान ह्यांचा आराखडा आधारभूत मानला आणि तो लेनिनच्या ५० ते ७५ मीटर उंचीच्या पुतळ्याने मंडित करावा, असे ठरविले. प्रासाद हा पुतळ्याचा चौथरा दिसावा, असे त्या ठरावात स्पष्टपणे नमूद होते. ह्या एका वाक्याने वास्तूचा हेतूच पालटला. तोवर सभागृह मुख्य व मूर्ती अलंकार होती; आता मूर्ती मुख्य ठरून सभागृह तिच्या खालच्या पोकळीत गेले. लगेच व्लादिमीर श्चुको व व्लादिमीर गेल्फ्राइख ह्यांना योफान ह्यांचे सहकारी नेमण्यात आले. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आराखड्यात एकावर एक क्रमशः लहान होत जाणारे वर्तुळाकार टप्पे आणि त्यांवर हात उंचावलेला लेनिन असे ते सुपरिचित रूप दिसते. मूर्तिकार सर्गेई मेर्कूरोव्ह ह्यांच्या पुतळ्याची उंची पुढे १०० मीटर धरण्यात आली आणि एकंदर उंची ४१५ मीटर ठरली.

(५)

४१५ ह्या आकड्याचे पृथक्करण उद्बोधक आहे. न्यूयॉर्क येथील एम्पायर स्टेट इमारत १९३१ साली पूर्ण झाली, तेव्हा ३८१ मीटर उंचीमुळे ती जगातील सर्वांत उंच इमारत ठरली. तिच्यावर मात करण्यास सोव्हिएट प्रासादाला ३४ मीटरांचे अंतर पुरेसे होते. परंतु पुतळ्याचे १०० मीटर वजा केले तर इमारत ३१५ मीटरांचीच उरते. म्हणजे एम्पायर स्टेटपेक्षा ६६ मीटरांनी ठेंगणी आणि १९३० सालच्या ३१९ मीटरांच्या क्रायस्लर इमारतीहूनही किंचित कमी. जागतिक विक्रम हा सर्वस्वी पुतळ्यावर अवलंबून होता. माणसांच्या वापरात येणाऱ्या मजल्यांनी तो साधत नव्हता. शिवाय एवढ्या उंचीवरील मूर्ती मॉस्कोच्या ढगाळ ऋतूंत अनेकदा दिसेनाशी झाली असती. जिच्यासाठी उंची वाढविली, तीच त्या उंचीमुळे झाकली जावी, असा हा विरोधाभास होता.

ज्या देशाशी स्पर्धा करावयाची, त्याच देशाकडून विद्याही घ्यावी लागली. गगनचुंबी इमारतींचे तंत्र सोव्हिएट अभियंत्यांना नवे होते. १९३४ मध्ये योफान व त्यांचे सहकारी अमेरिकेस गेले आणि तेथील उंच इमारतींची पाहणी करून परतले. पायाच्या कामासाठी न्यूयॉर्कच्या मोरान आणि प्रॉक्टर ह्या अभियंत्यांच्या संस्थेचा सल्ला घेण्यात आला. नदीलगतच्या जमिनीत पाणी शिरू नये म्हणून खोदकामाभोवती जमिनीत छिद्रे पाडून वितळलेले डांबर घालण्यात आले. सांगाड्यासाठी खास पोलाद सिद्ध केले गेले आणि प्रासादाच्या रशियन नावाच्या आद्याक्षरांवरून ते 'डी. एस.' म्हणून ओळखले जाऊ लागले.

प्रासाद अद्याप अस्तित्वात नव्हता, तरी नगररचना त्याच्या अनुरोधाने होऊ लागली. १९३५ च्या मॉस्को पुनर्रचना योजनेत तो नगरीचा केंद्रबिंदू होता. त्याच वर्षी १५ मे रोजी सुरू झालेल्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकास 'सोव्हिएट प्रासाद' हेच नाव मिळाले. उतारू त्या स्थानकावर उतरत. प्रासाद मात्र तेथे नव्हता. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात योफान ह्यांनी रचलेल्या सोव्हिएट दालनावर वेरा मुखिना ह्यांचे श्रमिक व शेतकरी स्त्री ह्यांचे शिल्प उभे राहिले. इमारत म्हणजे शिल्पाचा चौथरा, हेच सूत्र तेथे लहान प्रमाणावर प्रत्यक्षात आले.

(६)

आता मूळ प्रश्नाकडे वळणे इष्ट होईल : ही सभागृहे कोणासाठी होती? १९३१ मधील १५,००० आसनांचे मोठे सभागृह पुढील आराखड्यांत सुमारे २१,००० आसनांपर्यंत वाढले. ह्याच काळात राज्यघटनेत काय घडले, ते पाहिले पाहिजे. १९३६ च्या डिसेंबरात नवी राज्यघटना संमत झाली. तिने सोव्हिएटांच्या परिषदेची जुनी संस्था रद्द केली आणि तिच्या जागी सर्वोच्च सोव्हिएट हे द्विसदनी विधिमंडळ आणले. १९३७ साली निवडून आलेल्या ह्या मंडळाच्या दोन्ही सदनांचे सदस्य मिळून १,१४३ होते. जिच्या प्रतिनिधींना बोल्शॉय नाट्यगृह अपुरे पडेल असे १९२२ मध्ये वाटले होते, ती परिषदच आता उरली नव्हती. आणि तिच्या उत्तराधिकारी संस्थेस एका सामान्य नाट्यगृहाएवढी जागा पुरेशी होती.

पक्षाच्या अधिवेशनांची स्थितीही अशीच होती. अठरावे अधिवेशन १९३९ च्या मार्चमध्ये भरले आणि त्यानंतरचे एकोणिसावे १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये. मधली तेरा वर्षे पक्षाची सर्वोच्च सभा भरलीच नाही. ह्यांपैकी काही वर्षे युद्धाची होती हे खरे. पण युद्ध संपल्यावरही सात वर्षे अधिवेशनाची निकड कोणास भासली नाही.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. मोठे सभागृह केवळ प्रतिनिधींसाठी नव्हते. जनसंमेलने, उत्सव व मिरवणुका ह्यांसाठीही ते होते, आणि १९२२ च्या परिषदेचे प्रतिनिधी तरी सुमारे दोन हजारच होते. हा आक्षेप ग्राह्य आहे. किंबहुना त्यातूनच मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. दोन हजार प्रतिनिधी परस्परांशी वादविवाद करू शकतात. एकवीस हजार माणसे एका व्यासपीठाकडे पाहू शकतात व टाळ्या वाजवू शकतात. आसनांची संख्या वाढत गेली, ती बोलणाऱ्यांची सभा ऐकणाऱ्यांच्या समुदायात परिणत होत असल्याची खूण होती. राज्यघटनेच्या कलमांत जे घडले, तेच आराखड्यांच्या मापांत उतरले आहे.

(७)

१९३९ पर्यंत पाया पूर्ण होऊन पोलादी सांगाडा चढू लागला. जून १९४१ मध्ये जर्मनीने आक्रमण केले, तेव्हा काही मजल्यांइतकाच सांगाडा उभा होता. त्या वर्षी तयार पोलादी भागांपासून मॉस्कोच्या रक्षणार्थ रणगाडारोधक अडथळे बनविले गेले आणि १९४२ मध्ये उरलेला सांगाडा उतरवून त्याचे पोलाद रेल्वेच्या पुलांसाठी वापरण्यात आले. युद्धामुळे योजना संपली, हे मत ह्या घटनेवर आधारलेले आहे.

परंतु युद्धानंतरची वस्तुस्थिती ह्या मतास पुरती अनुकूल नाही. युद्धकाळातही योफान ह्यांचे रेखाटन चालूच होते. १९४७ च्या जानेवारीत मॉस्कोत आठ उंच इमारती बांधण्याचा आदेश निघाला. त्यांपैकी सात पूर्ण झाल्या. त्यांतील सर्वांत उंच, विद्यापीठाची इमारत, २४० मीटरांची असून ती १९५३ मध्ये खुली झाली व १९९० पर्यंत युरोपातील सर्वांत उंच इमारत राहिली. ह्यावरून पोलाद, मजूर, तंत्रज्ञ व द्रव्य ही साधने उपलब्ध होती हे उघड आहे. उंच इमारती बांधल्या गेल्या, पण त्या निवासाच्या, कचेऱ्यांच्या, अतिथिगृहांच्या व विद्यापीठाच्या. म्हणजे ज्यांना रहिवासी किंवा विद्यार्थी मिळणार होते अशा. विशेष म्हणजे त्या आदेशात ह्या इमारतींची आकृती भावी सोव्हिएट प्रासादाच्या आकृतीशी सुसंगत असावी, अशी अट होती. अस्तित्वात नसलेल्या वास्तूने अस्तित्वात येणाऱ्या वास्तूंचे रूप ठरविले. विद्यापीठाचे काम आरंभी योफान ह्यांच्याकडे होते. १९४८ मध्ये ते काढून घेऊन लेव रुद्नेव्ह ह्यांना देण्यात आले. प्रासादाच्या आराखड्यांतील उंची मात्र कमी करण्यात आली.

मार्च १९५३ मध्ये स्टालिन ह्यांचे निधन झाले. नोव्हेंबर १९५५ च्या सरकारी आदेशाने बांधकामातील अनावश्यक अलंकरणावर कडक टीका केली व वास्तुकलेची दिशा बदलली. १९५७ पासून प्रासादासाठी पुन्हा स्पर्धा झाल्या, पण त्या दुसऱ्या जागेसाठी आणि उंचीचा आग्रह सोडून. १९५७ सालीच भुयारी स्थानकाचे नाव बदलून 'क्रोपोत्किन्स्काया' करण्यात आले. अखेर १९६१ मध्ये मिखाइल पोसोखिन ह्यांच्या नेतृत्वाखाली क्रेमलिनच्या आवारातच परिषद-प्रासाद पूर्ण झाला. त्याच्या सभागृहात सुमारे ६,००० आसने आहेत. १९३१ च्या स्पर्धेतील लहान सभागृहाचे हेच प्रमाण होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पक्षाचे बाविसावे अधिवेशन तेथे भरले. अधिवेशने पुन्हा नियमित होऊ लागताच त्यांच्यापुरते सभागृहही थोड्या वर्षांत बांधून झाले.

(८)

ह्या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. योजनेचा शेवट युद्धाने केला, हे अर्धसत्य होय. युद्धाने काम थांबविले. ते पुन्हा सुरू न होण्याचे कारण योजनेतच होते. १९३३ च्या ठरावाने प्रासादाला चौथरा केले आणि १९३६ च्या राज्यघटनेने त्या चौथऱ्यातील सभेला रजा दिली. त्यानंतर जे उरले, त्याला शिखर होते, पण उपयोग नव्हता. उपयोग नसलेली वास्तू संपन्न काळात कदाचित बांधून होते. उद्ध्वस्त देशात मात्र निवासाची घरे आणि विद्यापीठ ह्यांच्यापुढे तिचा क्रम मागे पडणे अपरिहार्य होते.

परिश्रम सर्वस्वी वाया गेले असे मात्र म्हणता येणार नाही. प्रासादाच्या अभियांत्रिकी कामात १९३७ पासून भाग घेतलेले निकोलाय निकितीन ह्यांनी पुढे मॉस्को विद्यापीठाच्या बांधकामात आणि ओस्तान्किनो येथील दूरदर्शन मनोऱ्याच्या रचनेत ती विद्या वापरली. ५४० मीटरांचा तो मनोरा १९६७ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा जगातील सर्वांत उंच स्वतंत्र वास्तू ठरला. विक्रम अखेर मॉस्कोच्या पदरी पडला. परंतु तो सभागृहाच्या माथ्यावर नव्हता, तर कोणाचेही भाषण घरबसल्या ऐकविणाऱ्या यंत्रणेच्या माथ्यावर होता.

मूळ जागेची कथाही थोडक्यात नोंदविणे आवश्यक आहे. १९६० साली त्या पायावर उघडलेला जलतरणतलाव १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीच्या वर्षांत बंद झाला. त्यानंतर तेथे जुन्या महामंदिराची पुनर्बांधणी झाली व १९ ऑगस्ट २००० रोजी त्याची प्रतिष्ठापना करण्यात आली. जुन्या स्थानकातून वर येणारा उतारू आज त्या मंदिरासमोर पोहोचतो. सोव्हिएट प्रासादाचे आराखडे संग्रहालयांत सुरक्षित आहेत. त्यांतील उंचीचे आकडे एका राज्याची आकांक्षा सांगतात. त्यांच्या शेजारी आसनांचे आकडे ठेवून वाचले, तर त्याच राज्यात सभेचे काय झाले, तेही त्यांत नोंदलेले आढळते.